निळ्या बाटल्या काढा, आधी वास काढा

मा. संपादक,

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या कॉलन्यांत फाटकापुढे कुत्र्यांना पळवण्यासाठी निळीच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या दिसतात. कुत्र्याला निळा रंग चांगला ओळखता येतो, पण त्याचे भय वाटत नाही. परसबागेत कुत्री-मांजरे पुन्हापुन्हा येतात ती आधीच्या मूत्राच्या वासावर. तो वास गेला नाही तर बाकीचे उपाय चार दिवसही टिकत नाहीत.

मांजराच्या मूत्रातले युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही. नुसत्या पाण्याने ओटा धुतला की वास गेल्यासारखा वाटतो, पण त्याचे स्फटिक फरशीच्या सांध्यांत बसलेले असतात. मे महिन्याच्या उन्हात ते गप्प असतात; मृगाचा पाऊस पडला, हवेत ओल आली, की तीच दुर्गंधी पुन्हा उठते. यावर ब्लीचिंग पावडर टाकणे धोक्याचे आहे, कारण मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून ती घशाला झोंबणारा विषारी वायू सोडते. व्हिनेगर पुष्कळांना सुचते, पण शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत. आम्लाने त्यांची झिलई जाते आणि डाग कायमचा राहतो. त्याऐवजी औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यावे. बाटलीवर 6 टक्के (20 व्हॉल्यूम) लिहिले असेल तर अर्धा लिटर द्रावणात तेवढेच पाणी घालावे. त्यात पाव कप खाण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचे लिक्विड मिसळून लगेच ओतावे, 15 ते 20 मिनिटांनी धुऊन टाकावे. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करू नये. वायूच्या दाबाने बाटली फुटते. रोपांच्या मुळांशीही ओतू नये. वाफ्यातली माती मात्र धुण्यात अर्थ नाही. हातमोजे घालून वरचा 5 ते 7 सेंटिमीटरचा थर विष्ठेसह काढावा आणि भाजीच्या कंपोस्टात अजिबात टाकू नये.

मग जागा आवडेनाशी करावी. मांजराला भुसभुशीत, कोरडी माती हवी असते. ठिबकवर मुळाशी ओल राहते आणि दोन ओळींमधली माती कोरडी. तेथेच ती उकरते. एक इंची कोंबडी जाळी मातीखाली 2-3 सेंटिमीटरवर आडवी पसरावी, रोपांपुरती कापावी. जाळी नसेल तर 20 मिलिमीटरची खडी चालते. उन्हाळ्यात खारी आणि उंदीर पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या कुरतडतात; बागेपासून दूर, सावलीत पाण्याचे भांडे ठेवले तर हे नुकसान बरेच कमी होते.

कुंपणाची अडचण आपल्या काळ्या मातीत आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ रोवलेला खांब कलतो. खड्डा किमान 60 सेंटिमीटर खोल घेऊन खांबाभोवती मुरूम ठोकावा. घुशीसाठी अर्धा इंची वेल्डेड जाळी 30 सेंटिमीटर जमिनीत आणि तिचे टोक बाहेरच्या बाजूला आणखी 30 सेंटिमीटर दुमडून गाडावे. मोकाट डुकरे खालून रेटतात, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीलगत आणि ताठ हवी. कपाशीच्या काड्यांचे कुंपण स्वस्त पडते, पण काड्यांवर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. शेजारच्या शेतकऱ्याचा विचार करून तुराट्या वापराव्यात. यावल, रावेर, चोपडा पट्ट्यात वानरे येतात. तेथे वरूनही जाळी लागते, दुसरा उपाय नाही.

कंपोस्टला घाण वास येत असेल तर जनावरे येणारच. अमोनियाचा वास आला तर ओला कचरा जास्त झाला आहे, सडक्या अंड्यांचा आला तर हवा कोंडली आहे. ओल्या कचऱ्याच्या एका घमेल्याला दोन ते तीन घमेली सुका पाला टाकावा आणि ढीग पालटावा.

भिंतीकडेने पळणारी चिचुंदरी मारू नये. तिला उग्र वास असतो खरा, पण ती झुरळे आणि किडे खाते. घरात येण्याच्या फटी बुजवल्या की पुरे. मुंगूस आणि उदमांजर तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. डांबरगोळ्या वाफ्यात पुरू नयेत. त्या लहान मुलांनी गिळल्या तर जिवावर बेततात. तिखट टाकण्याची सवयही सोडावी, उन्हाळ्यातल्या वाऱ्यात ते मुलांच्याच डोळ्यांत जाते.

सगळ्यात कळकळीने सांगायचे ते खतांबद्दल. हाडांच्या खताच्या वासाने कुत्री वाफे उकरतात, म्हणून ते खोल मिसळावे. एरंडीची पेंड मात्र परसबागेत वापरूच नये. तिच्यात रिसिन हे विष असते, कुत्र्यांना ती चवीची वाटते आणि पेंड खाऊन ती मरतात. लिंबोळी पेंडीने तेच काम होते. कृषी सेवा केंद्रांनी आणि रोपवाटिकांनी एरंडी पेंडीच्या प्रत्येक पिशवीवर हा इशारा मराठीत, ठळक अक्षरांत छापावा आणि सुटी विकताना गिऱ्हाइकाला तोंडी सांगावा, ही विनंती.

— परसबाग जोपासणारे वाचक, जळगाव