बंड्यास पत्र: तो पत्रा कापू नकोस

चाकण, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

दिवाळीत तू पिकअपच्या डिझेल टाकीचा फोटो पाठवलास, जास्त डिझेल मावेल अशी मोठी टाकी करायचीय, काय करू म्हणून विचारलंस, आणि मी नुसता अंगठा टाकून गप्प बसलो. चुकलं माझं. काल अण्णा भेटले तेव्हा कळलं की नव्या टाकीचा पत्रा येऊन पडलाय आणि बुधवारी कापणार. "चकचकीत आहे, फुलाफुलांचा," म्हणाले, आणि माझ्या पोटात गोळा आला. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून लिहितोय. हा कागद टाकीवाल्यालाही दाखव. इकडे सगळे बरे. पाठ आहे तशीच.

फुलं म्हणजे जीआय, जस्ताचा थर दिलेला पत्रा. पाण्याच्या टाकीला उत्तम, डिझेलला वैरी. डिझेल जुनं होतं तसं त्यात थोडं आम्ल तयार होतं, ते जस्ताला खातं आणि त्याचा साबण होतो. फिल्टरच्या तळाला पांढरट, बोटाला बुळबुळीत लागणारा लगदा दिसतो तो हाच. पण सगळा फिल्टरात अडकत नाही. जो विरघळलेला असतो तो पुढे जाऊन इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत बसतो. तुझी गाडी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल, आणि हजार बारच्या वर दाब. तिथे एवढीशी घाणही सहन होत नाही. शिवाय जीआय वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप येतो आणि वेल्डच्या टाक्याला बारीक भोकं राहतात. लोहचुंबक लावून बघू म्हणशील, तर चुंबक जीआयलाही चिकटतो. फुलं दिसली की परत कर, एवढंच.

सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घे, म्हणजे जस्ताचा थर नसलेला साधा पोलादी, २ मिलिमीटर. आतून काही लावू नकोस. रेड ऑक्साईड तर नकोच, डिझेल ते सोडवतं आणि पापुद्रे फिल्टरात येतात. रंग बाहेरूनच, एपॉक्सी प्रायमरवर. तांब्याची नळीही वापरू नकोस, तांब्याने डिझेल लवकर खराब होतं.

आणि दुसरी गोष्ट जीवावरची आहे. जुनी टाकी कापून वाढवायची, असं टाकीवाला सुचवेल. हात जोडून सांगतो, नको. ती कितीही वेळा धुतली तरी सांध्यांत डिझेल राहतं, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते.

आता मापं. ९० बाय ३५ बाय ४० सेंटिमीटर म्हणजे १२६ लिटर. वर ५ टक्के जागा रिकामी हवी, कारण २० अंशांनी तापलं तर १०० लिटर डिझेल दीड लिटरच्या वर फुगतं. इंजिनाकडे डिझेल ओढणाऱ्या नळीखाली दीड सेंटिमीटर सोडायचं, तिथे पावणेपाच लिटर अडकतात. हाती उरतात ११५. ओढणारी नळी तळाला टेकवायची नाही, हे तुला पटणार नाही मला माहीत आहे. विहिरीतला फूट व्हॉल्व्ह, म्हणजे मोटरीच्या नळीच्या टोकाची झडप, तळाला टेकवण्यावरून आपण दोन महिने बोलत नव्हतो. तेव्हा मोटरीत गाळ आला होता, इथेही तेच होईल, कारण पाणी आणि गंज तळाशीच साचतात. तळाला एक ड्रेन नट दे आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा अर्धा लिटर काढून बघ.

आत टाकीच्या लांबीला आडवे दोन पडदे, म्हणजे उभ्या पत्र्याच्या भिंती, हवेतच. अर्धी टाकी म्हणजे ५० किलो डिझेल, ब्रेक मारला की ते पुढच्या पत्र्यावर आदळतं आणि वेल्डचे टाके तडकतात. पडद्याचे चारही कोपरे ४ सेंटिमीटर कापायचे, खालून डिझेल आणि वरून हवा जायला. ओढणारी नळी मधल्या कप्प्यात ठेव, नाहीतर माळशेज उतरताना डिझेल पुढे जाईल आणि नळी उघडी पडेल. रिटर्नची नळी, म्हणजे इंजिनाकडून उरलेलं डिझेल परत आणणारी, मात्र शेवटच्या कप्प्यात. ते गरम, फेसाळ डिझेल लगेच परत ओढलं जाऊ नये.

ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा येण्याची वाट, विसरला तर काय होतं सांगू? डिझेल कमी होतं तशी आत पोकळी तयार होते आणि गाडी तासाभराने ओढायची बंद होते. झाकण उघडलं की 'फुस्स' आवाज येतो आणि पुन्हा चालू. लोक मग उगाच पंप उतरवतात.

नळ्यांचे क्लिप नीट आवळ. ओढणाऱ्या बाजूला क्लिप सैल असला तर डिझेल गळत नाही, हवा आत जाते. थेंब दिसत नाही म्हणून कोणी शोधत नाही. सकाळी खूप सेल्फ मारावा लागला तर समज, विहिरीची मोटर हवा धरते तसंच झालंय. फिल्टरजवळ वीतभर पारदर्शक नळी लावून बुडबुडे बघ.

गळती तपासताना हवा २ पौंडांच्या वर भरू नकोस. ९० बाय ४० च्या बाजूवर तेवढ्यानेही ५०० किलोचा रेटा येतो. टायरसारखी ३० भरली तर साडेसात टनांचा. साबणाचं पाणी लाव आणि सांधे बघ.

टाकी बसवताना चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही, मधल्या उभ्या भागातच. टाकी आवळणाऱ्या पट्ट्याखाली रबर दे. सायलेन्सरपासून वीतभर लांब.

वजनाचं तू विचारलंच नाहीस. आताच्या साठ लिटरच्या टाकीपेक्षा ५० किलो डिझेल जास्त, पत्रा वेगळा. म्हणजे प्रत्येक खेपेला टोमॅटोचे तीन क्रेट कमी भरायचे. आणि आरटीओला आधी लेखी विचार. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमावाले हेच पुढे करतील. आरटीओवाले नाही म्हणाले तर मूळ टाकीच ठेव, मी वाईट मानणार नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पोरगी बारावीला ना? तिला आशीर्वाद. द्राक्षं यंदा ठेवलीस की काढलीस, तेही कळव.

बुधवारच्या आत फोन कर.

तुझा,
पप्या

ता.क. अण्णांच्या हाती मल्टिमीटर पाठवतोय. जुना फ्लोट, म्हणजे डिझेलची पातळी काट्याला कळवणारा तरंगता भाग, काढण्याआधी टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळचे त्याचे ओहम (विजेचा रोध) लिहून ठेव. नव्या फ्लोटचे आकडे तेच यायला हवेत, दांडी ४० सेंटिमीटर उंचीच्या हिशोबाने. मग दहा-दहा लिटर मोजून भर आणि काटा कुठे येतो ते लिही. मीटर परत दे. मागचा पाना अजून आलेला नाही.