पडलेला दात कंपासपेटीत नको

मा. संपादक,

कळंगुटच्या बाजूला गेले की इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून बसवायच्या कृत्रिम दातांच्या, पाट्या नजरेत भरतात. परदेशी पाहुणे सुट्टीला येतात आणि त्यांच्या देशापेक्षा स्वस्तात दात बसवून जातात. माझ्याही खालच्या जबड्यात असे दोन दात आहेत, त्यांच्या जोरावर मी अजून जत्रेतले खाजे खाते. तेव्हा इम्प्लांटशी माझे वैर नाही. पण लहान मुलांना त्याचा उपयोग नाही, हे मला गेल्या जुलैपर्यंत माहीत नव्हते.

नातू ९ वर्षांचा. शाळेच्या ओल्या व्हरांड्यात पाय घसरला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. बाईंनी चूळ भरायला लावली, बर्फ धरला, घरी फोन केला. दात स्वच्छ पुसून कागदात गुंडाळला आणि कंपासपेटीत ठेवला. सून पोहोचेपर्यंत दोन तास गेले. जवळच्या दंतवैद्यांनी तो दात पाहून म्हटले, ‘‘हा टाकून द्या, इम्प्लांट करू.’’ आम्ही रात्री बसून पैशांची जुळवाजुळवही केली!

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या सांगण्यावरून वाळपईहून बस बदलत बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय गाठले. तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी कागदावर जबडा काढून दाखवला. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव होतो. मुलाचा जबडा वाढतो, शेजारचे दात हाडासकट खाली सरकतात, स्क्रू मात्र बसवला तिथेच राहतो. काही वर्षांनी तो दात आखूड, वर ओढल्यासारखा दिसतो. म्हणून वाढ पुरी होईपर्यंत, निदान १८ वर्षांपर्यंत, थांबायचे. तोवर खोटा दात लावलेली, काढता-घालता येणारी प्लेट, जबडा वाढेल तशी बदलायची.

मग त्यांनी विचारले, ‘‘दात दुधात का नाही ठेवला?’’ कायमचा दात पडला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा तर मुळीच नाही. माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरून शक्य झाल्यास लगेच जागेवर बसवायचा. नाही जमले तर थंड दुधात टाकून तासाभराच्या आत डॉक्टर गाठायचा, अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, हिरडीच्या आत वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. त्या दिवशी शाळेत चहासाठी आणलेली दुधाची पिशवी होती, आणि दात कंपासपेटीत पट्टी-पेन्सिलीजवळ सुकत होता. बाईंचा दोष नाही. मीही ३० वर्षे शिकवले, मलाही कुणी हे सांगितले नव्हते.

त्या वर्षांत काळ्या पडलेल्या दाढा मात्र किती पाहिल्या! पालकांचे उत्तर ठरलेले, ‘‘दुधाच्याच आहेत, पडतील.’’ दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. लवकर काढल्या की बाजूचे दात सरकून नव्याची जागा खातात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे येणारी दाढ कायमची असते. एकही दुधाचा दात न पडता ती येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते.

माझे मागणे फार मोठे नाही. सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे इथल्या आरोग्य केंद्रांत मुलांच्या दातांचे तज्ज्ञ ठरलेल्या वारी बसावेत आणि तो वार शाळांना कळवावा. मुलाचा दात ठणकत असताना आईने एका दिवसाची मजुरी बुडवून बांबोळीला जायचे, हे प्रत्येकीला परवडत नाही. आणि शिक्षण खात्याने पडलेल्या दाताविषयी एक परिपत्रक काढावे.

नातवाच्या बाईंनी त्याची वाट पाहिलेली नाही. शाळेच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठी डकवली आहे: ‘मूळ पुसू नका. दुधात टाका. आधी रिक्षा, मग फोन.’

– एक निवृत्त शिक्षिका, वाळपई