‘गहाळ’ नव्हे, चोरी लिहा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

१ जुलै २०२४ ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे गुन्ह्याची नोंद, तपास आणि खटला कसा चालवायचा हे ठरवणारा नवा कायदा, लागू झाली. तीत फिर्यादीला काय काय मिळाले, हे पोलीस ठाण्याच्या बाकावर ताटकळणाऱ्या माणसाला अजून कोणी सांगत नाही.

निपाणीहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत एखाद्या बाईच्या पर्समधले गंठण जाते, आणि ते कळते मध्यवर्ती बसस्थानकावर उतरल्यावर. चोरी कर्नाटकात झाली की कागलच्या पुढे, हे तिने कसे सांगायचे? कलम १७३ म्हणते, हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवा. शून्य क्रमांकाने घ्या आणि ज्यांची हद्द, त्या ठाण्याकडे पाठवा. प्रत फुकट द्या. तरी ‘हद्द आमची नाही’ हे वाक्य काही जात नाही.

त्याहून वाईट ‘गहाळ’ हा शब्द. मोबाईल चोरीला गेला तरी दाखला गहाळचा मिळतो. नवे सिम घ्यायला कागद हवा असतो, म्हणून माणूसही तो घेऊन निमूट घरी जातो. गुन्हाच नाही, मग तपास कशाचा?

गुन्हा न नोंदवता तक्रार ‘चौकशी अर्ज’ म्हणून ठेवून घेणे, ही तिसरी वाट. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतच प्राथमिक चौकशी करता येते, तीही उपअधीक्षकांच्या परवानगीने आणि १४ दिवसांत. अर्जावर ना परवानगीची नोंद, ना आवक क्रमांक. मग १४ दिवस मोजायचे कुठून?

आता सोन्याचे. फिर्यादीत नुसते ‘अंदाजे दोन तोळे’ लिहिले, सराफाची पावती जोडली नाही, की पुढे घोळ होतो. चोर सापडतो, पण दागिना सापडत नाही; सापडते वितळवलेली लगड. चार फिर्यादींचे सोने तिच्यात एकत्र! तिच्यातले कोणाचे किती ग्रॅम, हे मग पहिल्या दिवशीच्या कागदावरच ठरते. म्हणून ग्रॅममधले वजन, घडण आणि पावती फिर्यादीतच यायला हवी, आणि सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवायला हवी. मुद्देमाल न्यायालयापुढे आला की कलम ४९७ प्रमाणे १४ दिवसांत त्याची यादी व फोटो, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश व्हायचा आहे. हे माहीत नसल्याने लोक निकालापर्यंत थांबतात.

गुन्हा घेतलाच नाही, तर अधीक्षकांना लेखी कळवायचे. तिथेही दाद लागली नाही, तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जायचे. ही पायरी ठाण्याच्या भिंतीवर मराठीत लावा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, हे खरे. पण साध्या चोरीची नोंद व्हावी म्हणून तिथवर जायची पाळी कोणावर का यावी?

राहिला कलम १९३ मधला निरोप. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे आहे. मोबाईलवर कळवले तरी चालते. ‘तपास चालू आहे’ एवढेच नको. तपासी अंमलदाराचे नाव, अटक झाली का, काय जप्त झाले, काय बाकी आहे, एवढे त्यात असावे. उपअधीक्षकांनी मासिक आढाव्यात गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) घेऊन तो निरोप गेला का, हे तपासावे.

त्यासाठी नवा निधी लागत नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एक रबरी शिक्का द्या : ‘९० दिवसांची तारीख’. फिर्यादीच्या प्रतीवर तो उमटवून पुढे तारीख हाताने घालायची.

आपले,
फौजदारी प्रकरणांत फिर्यादींची बाजू पाहणारे काही वकील,
कोल्हापूर