ती वाटी किती मापाची?

ठाणे,
विजयादशमी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज रात्री फोनवर बोलणे होत असताना पत्र कशाला, असे तुम्हांला वाटेल. परंतु फोनवर आई "जेवलीस का" याच्या पुढे फारशी जात नाही आणि बाबांना निम्मे ऐकू येत नाही, म्हणून दिवाळीआधी जे विचारायचे आहे आणि जे सांगायचे राहून गेले आहे, ते लिहूनच कळवते.

मागच्या रविवारी मी पहिल्यांदा घरी नानकटाया केल्या. मैदा, बेसन, पिठीसाखर, तूप, वेलची, जायफळ, चिमूटभर सोडा, सगळे आईने सांगितले होते तसे घेतले, सुबक गोळे वळून ओव्हनमध्ये ठेवले आणि दहा मिनिटांनी काचेतून पाहिले तर बारा नानकटायांची मिळून एकच पातळ पोळी झालेली होती. तुमच्या नातवाने ती कातरीने कापून खाल्ली आणि चवीला चांगली आहे असा अभिप्राय दिला. त्याला दुसरे काय म्हणता आले असते?

चूक कुठे झाली ते शोधायला मला दोन दिवस लागले. ऑक्टोबरच्या उन्हाने तूप आधीच पातळ झालेले होते आणि मी तसेच ते साखरेत ओतले. तूप घट्ट, रवाळ असेल तरच फेसताना त्यात हवा कोंडली जाते. पातळ तुपात ती टिकत नाही, आणि असा गोळा भट्टीत गेला की मैदा आवळून यायच्या आतच पसरतो. हे वाचताना एकदम आठवले की आई पहाटे चारला उठून, परातीत तूप घेऊन, तळहाताने गोल गोल फेसत बसायची. ती नळाला पाणी येण्याच्या वेळेसाठी उठते, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. पाण्यासाठी तर ती उठत होतीच. पण इचलकरंजीत त्या वेळी हवा गार असते आणि तूप घट्ट राहते, हे तिने कधी कोणाला समजावून सांगितले नाही. फेसून झाल्यावर बोटावरचा एक थेंब पाण्याच्या पेल्यात सोडायचा, तो तरंगला की मैदा घालायचा आणि बुडाला तर पुन्हा हात चालवायचा, एवढे मात्र मी तिच्या शेजारी बसून पाहिलेले आहे. तो पांढराशुभ्र थेंब पेल्यात वर येऊन गोल फिरायचा, तेव्हा आईच्या कपाळावर घाम असायचा आणि उजव्या हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या असायच्या.

मग ते पीठ पातेल्यात भरून, वर ओले फडके बांधून, आपण गल्लीच्या टोकाच्या बेकरीत जायचो. दिवाळीआधीच्या आठवड्यात तिथे सकाळी बायकांची केवढी रांग असे! रात्रभर पाव भाजून झालेले असत, लाकडे विझत आलेली असत आणि भट्टीची धग उतरणीला लागलेली असे. नानकटाईला तीच धग लागते, कारण पावाच्या आचेवर ती बाहेरून करपते आणि आतून कच्ची राहते. बेकरीवाले काळे पत्रे द्यायचे, आपण जमिनीवर बसून त्यांवर गोळे मांडायचे, प्रत्येकावर चारोळीचा एक दाणा दाबायचा आणि पत्र्याच्या कोपऱ्यात आपल्या आडनावाची चिठ्ठी पिठानेच चिकटवायची. चिठ्ठी जळाली तर कोणाचा पत्रा कोणता यावरून होणारी भांडणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आपल्या नानकटाया मात्र कधी हरवल्या नाहीत, कारण आई चारोळी मधोमध न लावता थोडी डावीकडे लावायची. भाजणावळ किलोवर ठरलेली होती आणि बाबा ती वहीत "दिवाळी, भट्टी" अशा खात्यात लिहून ठेवायचे. परत येताना डालड्याचा पिवळा डबा माझ्या हातात असायचा. तो गरम डबा पोटाशी धरून चालण्याचे सुख मला नंतर कोणत्याही महागड्या केकच्या खोक्याने दिलेले नाही.

आता जे सांगायचे राहिले आहे ते. १९८७ साली मी पाचवीत होते. वर्गातल्या एका मुलीच्या घरी त्या दिवाळीत दुकानातून आणलेल्या बिस्किटांचा मोठा रंगीत डबा आला होता, आणि आपल्याकडच्या नानकटाया कुठल्या असे तिने विचारल्यावर मी कोल्हापूरच्या एका बेकरीतून आणल्या असे ठोकून दिले. घरी केल्या असे म्हणायची मला लाज वाटली. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तिची आई आपल्याकडे आली, एक नानकटाई तोंडात टाकली आणि म्हणाली, "कोल्हापूरहून आणता म्हणे दरवर्षी, फारच खुसखुशीत आहेत हो." मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते. आई, तू क्षणभर थांबलीस आणि म्हणालीस, "हो, हे जातात कामाला तिकडे, येताना घेऊन येतात." बाबा त्या वर्षी कामासाठी इचलकरंजीच्या वेशीबाहेर एकदाही गेलेले नव्हते. नंतर तू मला एका शब्दाने विचारले नाहीस आणि मीही कधी विषय काढला नाही. तुझ्या हाताचे कौतुक तू माझ्या खोटेपणासाठी दुसऱ्याच्या नावावर करून टाकलेस, हे कळण्याइतकी अक्कल मला तेव्हाही होती. त्याबद्दल तुझी क्षमा मागायची होती. फोनवर ते जमले नसते.

लाज मला त्या एकाच गोष्टीची वाटायची असे नाही. बाबांच्या कारखान्यातल्या तपासणीत बाद झालेले फेंटाचे, म्हणजे सदोष कापडाचे, तुकडे वजनावर मिळायचे, त्यांचे माझे दप्तर होते, आणि त्याच्या आतल्या बाजूला गिरणीचा निळा शिक्का दिसायचा म्हणून मी ते छातीशी धरून चालायचे. त्या दिवसांत सगळे गोडच होते असे मी म्हणणार नाही. काटकसर ही तुमची आवड नव्हती. आठवड्याचा पगार सोमवारी संपत असे, म्हणून ती होती, आणि त्यावरून तुम्हां दोघांत होणारे वादही मी ऐकलेले आहेत. वाळूतल्या केकचीही तीच कथा. पंचगंगेची वाळू धुऊन, चाळून, पिशवीवर खडूने "केकची वाळू" असे लिहून बाबांनी ती वर्षानुवर्षे फळीवर ठेवली, आणि वाढदिवसाच्या दिवशी जर्मनच्या पातेल्यात ती तापवून आईने त्यावर रव्याचा केक भाजला. एकदा मधोमध खचला, तेव्हा त्या खड्ड्यात दूधसाय आणि साखर भरून तो तसाच कापला होता.

पण हाताने केलेल्या वस्तूंपैकी मला सर्वांत नवलाची वाटते ती तोरणाची गोष्ट. मागावर सुताची कांडी (सूत गुंडाळलेली लहान नळी) संपली की तिच्या बुडाशी थोडे सूत उरते; ते काढल्याशिवाय नवे भरता येत नाही, आणि ते यंत्रे पुसण्यासाठी 'वेस्ट' म्हणून विकले जाते. बाबा मालकांना विचारून त्याची एखादी पिशवी घरी आणायचे, आणि आई गाठी सोडवून, आठ आठ पदर एकत्र करून त्याला पीळ द्यायची. क्रोशाची सुई विकत आणलेली नव्हती. बाबांनी सायकलच्या चाकाचा मोडका आरा घेऊन त्याचे टोक कानशीने घासून आकडा केला होता आणि दुसऱ्या टोकाला बोरूचा तुकडा मुठीसारखा बसवला होता. त्या सुईने विणलेले तोरण, त्यातली बारा कमळे आणि एका कमळाची चुकलेली पाकळी, आज माझ्या दारावर आहे. गेल्या महिन्यात इथल्या एका प्रदर्शनात 'हातमागाच्या उरलेल्या सुतापासून' अशी पाटी लावलेले तोरण पाहिले. त्याची किंमत वाचून मी पाटीच पुन्हा वाचली. शेजारीच मागावर आडवे सूत नेणारे जुने लाकडी धोटे पॉलिश करून पेन ठेवायला विकायला मांडले होते. आपल्याकडच्या धोट्यात बाबांचा चष्मा असतो, आणि त्याचे लोखंडी टोक एकदा माझ्या पायावर पडले होते, त्याचा वण अजून आहे.

आजीच्या लुगड्यांची गोधडीही माझ्याकडेच आहे. तिचा धावदोरा कडेकडेने फिरत मध्याकडे येतो, आणि शेवटच्या चौकोनात काहीतरी टोचते. आजीने तिथे चिमूटभर तांदूळ घालून टाके घातले होते, असे आई सांगायची. चिरंजीवांना ते उसवून पाहायचे आहे. मी पाहू देणार नाही.

आता काम. दादाने कळवले की घराला रंग देण्यासाठी माळा रिकामा करत आहात आणि भंगारवाल्याला बोलावले आहे. डालड्याचे डबे आणि फेंटाची ट्रंक त्याला देऊ नये, मी लक्ष्मीपूजनाच्या आधी दोन दिवस येते आहे, तेव्हा पाहून काय ते ठरवू. वाळूची पिशवी दिलीत तरी चालेल.

दुसरे असे की, आईने फोनवर सांगितलेले माप "एक वाटी तूप, एक वाटी साखर, दोन वाट्या मैदा" असे आहे, पण ती वाटी म्हणजे काठाला पोचे पडलेली आपली पितळी वाटी. माझ्याकडच्या स्टीलच्या वाटीचे आणि तिचे जमत नाही, शिवाय आई मैदा शिगोशीग भरते की काठ सपाट करून, हेही मला आठवत नाही. बाबांनी त्या वाटीत काठोकाठ पाणी भरून, औषधाच्या मापाने मोजून, किती मिलिलिटर होते ते वहीत लिहून मला कळवावे. पोचा पडलेली बाजू खाली येईल अशी वाटी धरू नये, पाणी तिथूनच सांडते.

तुमची,
धाकटी