आठव्या रकान्यापासून सुरुवात करणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात सहाव्या सत्राचा निकाल लागला आणि आंतरराष्ट्रीय व्यवसाय या विषयाच्या पदवीच्या चौथ्या वर्षाला मी प्रवेश घेतला. गेल्या दिवाळीत तुम्ही नेरूळचे घर सोडून ठाण्याला मुलाकडे राहायला गेलात, त्यामुळे पेढे घेऊन जिना उतरण्याची सोय राहिलेली नाही. म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण आपल्या इमारतीतील दोन मुले यंदा याच अभ्यासक्रमाला गेली असून माझे वेळापत्रक मागत आहेत. वेळापत्रक देता येईल, पण ते कसे तयार झाले हे कळल्यावाचून त्यांना त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

2023 च्या जूनमध्ये मी तुमच्याकडे आले तेव्हा कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यायचा याचा माझा आराखडा तयारच होता. दर सत्राला 22 श्रेयांक (क्रेडिट), आठ सत्रांचे 176. सोपे वाटणारे विषय पहिल्या वर्षी, आणि आंतरराष्ट्रीय वित्त, व्यापारविषयक कायदा व परकीय भाषा हे सारे शेवटी. तुम्ही तो कागद वाचलात, काही न बोलता घडी घालून बाजूला ठेवलात आणि कपाटातून हिशेबाची लांबोडकी वही काढून तिच्यावर पेन्सिलीने आठ रकाने आखलेत. मग लिहायला सुरुवात केलीत ती आठव्या रकान्यापासून. न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झाले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तुम्ही तिथल्या कस्टम्स एजंटाच्या कचेरीत कागदपत्रांच्या टेबलावर बसलात, हे मला माहीत होते. बोटीचा कट-ऑफ कधी, म्हणजे कंटेनर बंदरात कधी हवा, त्याआधी शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सकडचा अर्ज, कधी भरायचे, त्याआधी कारखान्यातून इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट कधी यायला हवी, असे उलटे दिवस मोजण्यात तुमची सव्वीस वर्षे गेली होती. तीच रीत महाविद्यालयाच्या विषयांनाही लावता येते, हे मला कधी सुचले नव्हते.

आठव्या सत्रात मालवाहतुकीच्या कंपनीत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घ्यायचे, तर त्या दिवशी तुला टेबलावर बसवण्याइतके काय येत असले पाहिजे, हा तुमचा पहिला प्रश्न होता. निर्यातीची कागदपत्रे आणि लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेने पैशांची दिलेली लेखी हमी), असे मी म्हणाले. म्हणून तो विषय पाचव्यात. तो समजायचा तर करार आणि मालविक्रीचा कायदा आधी हवा, म्हणून तो तिसऱ्यात. दुसरी साखळी वित्ताची: परकीय चलन सहाव्यात, त्याआधी वित्तीय व्यवस्थापन चौथ्यात, त्याआधी हिशेबशास्त्र आणि संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी. आमच्याकडे बरेचसे विषय फक्त विषम किंवा फक्त सम सत्रात शिकवले जातात, त्यामुळे एक कडी हुकली तर सहा महिने नव्हे, अख्खे वर्ष जाते, हे त्या रकान्यांमुळे मला प्रथमच डोळ्यांनी दिसले. ज्या विषयांवर पुढचे काहीच अडलेले नव्हते ते तुम्ही शेवटी, उरलेल्या घरांत टाकलेत. माझ्या आराखड्यात नेमके तेच सर्वांत आधी होते.

जपानी भाषेचे घर मात्र तुम्ही पहिल्याच सत्रात पक्के केलेत. भाषा मुरावी लागते, परीक्षेच्या आदल्या महिन्यात ती पाठ होत नाही, एवढेच तुम्ही म्हणालात. एन5 ची, म्हणजे जपानीच्या सर्वांत प्राथमिक पातळीची, परीक्षा वर्षातून दोनदाच, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, म्हणून त्या तारखाही तुम्ही वहीत लिहून ठेवल्यात.

तुमचा आणखी एक प्रश्न मी आता इतरांना विचारू लागले आहे: "हे लेखी आहे का?" लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँक माल पाहत नाही, कागद पाहते, आणि यूसीपी 600 या त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे माल चढल्यापासून 21 दिवसांत कागद पोहोचले नाहीत तर माल कितीही उत्तम असला तरी पैसे अडतात, हे तुम्ही त्या ओघात सांगितलेत. जपानीचा पुढचा भाग तिसऱ्या सत्रात असतो, असे मला वरच्या वर्गातील एकीने सांगितले होते. तुमच्या आग्रहामुळे मी महाविद्यालयाच्या कार्यालयात अर्ज दिला, तेव्हा पुरेसे विद्यार्थी आले तरच तो वर्ग भरतो असे उत्तर मिळाले. मग आम्ही मैत्रिणींनी मिळून नावे गोळा केली.

एका बाबतीत मी तुमचे ऐकले नाही. गौण विषय म्हणून तुम्हाला अर्थशास्त्र हवे होते आणि मी भूगोल घेतला. त्यावरून आपले थोडे वाजलेही. पुढे 2024 च्या जानेवारीत उरणपर्यंतची लोकल सुरू झाली, तेव्हा आपण दोघी न्हावा-शेवा स्थानकापर्यंत गेलो होतो. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपच्या बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या होत्या आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला होता. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाची, बाब-एल-मंदेबची चिंचोळी वाट मी फोनवरच्या नकाशात दाखवू लागले, तेव्हा तुम्ही हसून "बरे, भूगोल राहू दे" म्हणालात. घरी परतल्यावर तुम्ही पाचव्या रकान्यातील एक हलका विषय खोडून सातव्यात नेलात आणि बोटींसारखा आपलाही काही विषय लांबला तर असावी म्हणून ती जागा तशीच मोकळी ठेवलीत. तेव्हा मला ती फाजील काळजी वाटली. चारच महिन्यांनी संख्याशास्त्रात माझी केटी लागली, म्हणजे त्या विषयात नापास होऊन तो पुन्हा द्यावा लागला. ती सुटेपर्यंत चौथ्या सत्रातील एक विषय मागे पडला आणि तो नेमका त्याच मोकळ्या जागेत बसला. साखळी तुटली नाही.

संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. माझे 71 वर थांबले. वाईट वाटले, हे लपवत नाही. तिसऱ्या वर्षाअखेरीस पदवी घेऊन बाहेर पडता येईल इतके विषय तोवर पूर्ण झालेले असावेत, असे तुम्ही वही आखतानाच पाहिले होते, त्यामुळे चौथे वर्ष करायचे की नाही हे मला नाइलाज म्हणून नव्हे, विचार करून ठरवता आले. मी ते संशोधनाविना साध्या ऑनर्ससाठी आणि आठव्या सत्रातील त्या प्रशिक्षणासाठी करत आहे.

त्या दोन मुलांना मी वेळापत्रकाची प्रत दिलेली नाही. रविवारी त्यांना घरी बोलावले आहे, आणि येताना कोरी वही व पेन्सिल आणायला सांगितली आहे. तुमची वही मात्र माझ्याजवळच आहे. सातव्या सत्रातील एक ऐच्छिक विषय मला अजून निवडायचा आहे. गणपतीला ठाण्याला येईन तेव्हा वही सोबत आणते, ते घर तुमच्यासमोर बसून भरू.

आपली नम्र,
चौथ्या मजल्यावरची