थरथरणाऱ्या स्टेअरिंगवर डॅम्पर हा इलाज नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उंच केलेल्या पिकअप गाड्यांवरचा आपल्या वाहनविषयक पानातला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण ‘स्टेअरिंग थरथरू लागले तर जाड डॅम्पर बसवून घ्यावा’ या एका वाक्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना. (डॅम्पर म्हणजे स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर.) याच सल्ल्यावर विसंबून मी दोन महिने जीव धोक्यात घालून गाडी चालवली.

माझ्या पिकअपला पुढे अख्खा एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा सलग दांडा) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. ती ४ इंच उंचावून मोठे टायर घातले होते. ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पुलाच्या सांध्यावरून गेलो आणि स्टेअरिंग असे हिसके देऊ लागले की हातात धरवेना. गाडी जवळजवळ थांबवल्यावरच ते शांत झाले. गॅरेजवाल्यांनी चाके बॅलन्स केली, मग डॅम्पर बसवला. काही आठवडे बरे गेले, आणि पुन्हा तेच.

शेवटी घरीच शोध घेतला. चारही चाके जमिनीवर, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना उटी. इंजिन चालू ठेवून मुलाला स्टेअरिंग थोडे डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगितले आणि मी हात दूर ठेवून बाजूने खाली पाहत राहिलो. पॅनहार्ड रॉड चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये खटखट सरकत होता. बोल्टचे भोक झिजून लंबगोल झाले होते. एक्सलला आडवा धरून ठेवणारा रॉडच सैल, तर डॅम्पर काय करणार? तो हिसके दाबतो. खालची झीज मात्र चालूच राहते.

ब्रॅकेट बदलून योग्य मापाचा बोल्ट घातला. रबरी बुशचे (रॉडच्या टोकातल्या रबरी नळीचे) बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात, हेही तेव्हाच कळले. गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळले, की बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

तरीही खड्ड्यात चाक गेले की गाडी एका बाजूला झेपावायची. उंची वाढवताना फक्त पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सला जोडलेला दांडा) खाली घेतला होता, पॅनहार्ड रॉडचा ब्रॅकेट होता तिथेच. त्यामुळे ड्रॅग लिंक (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड समांतर राहिले नव्हते. ब्रॅकेटही खाली घेतल्यावर ते झेपावणे गेले. उंचीमुळे एक्सल किंचित फिरून कॅस्टरचा कोनही (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकाव) घटला होता. वळणावरून स्टेअरिंग आपणहून सरळ येत नव्हते ते त्यामुळे. नुसता टो (वरून पाहता चाके किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) जुळवून हे सुटत नाही, एक्सलला पुढे-मागे धरणारे कंट्रोल आर्म बदलावे लागले.

चाक उचलून वर-खाली हलवले तर बॉल जॉइंट आणि बेअरिंगचा प्ले (ढिलाई) कळतो, आडवे हलवले तर टाय रॉडचा (दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याचा). हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पॅनहार्ड रॉडची ढिलाई चाक अधांतरी असताना सहसा दिसत नाही, आणि मेकॅनिक गाडी उचलूनच तपासतात.

सगळे झाल्यावर डॅम्पर मुद्दाम काढून त्याच पुलावरून, आधी हळू आणि मग नेहमीच्या वेगाने गेलो. स्टेअरिंग हलले नाही. डॅम्पर नंतर परत लावला, किरकोळ धक्के शोषायला तो हवाच. ही जमिनीवरची तपासणी आपण त्याच पानावर छापावी, अशी कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक