चिऊ, शनिवारी टोकन द्यायच्या आधी वाच

चिऊ,

रविवारी त्या सेकंडहँड गाडीवरनं आपलं वाजलं आणि तू न जेवताच गेलीस, डबा ओट्यावर तसाच राहिला, आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. फोन केला की माझा आवाज चढतो आणि तू "बाबा मीटिंग आहे" म्हणून ठेवतेस. म्हणून लिहितोय. निम्मं मोबाईलमध्ये बोलून टाइप झालंय, चुका असतील तर समजून घे.

पहिली गोष्ट, गाडी घेऊ नको असं मी म्हणालो नव्हतो. बरं, म्हणालो असेन, पण तसं म्हणायचं नव्हतं. पैसे तुझे आहेत आणि आमच्या सात पिढ्यांत स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घ्यायचं कोणाच्या स्वप्नात पण आलं नसतं. 230 हॉर्सपॉवर! माझ्या आरएक्स हंड्रेड मोटारसायकलला अकरा होती, तेवढ्यात मी निगडी ते पिंपरी हवेत असायचो. कट्ट्यावर सांगून झालंय सगळ्यांना, की आमची चिऊ आरएस घेतेय. जोशी म्हणाला ऑटोमॅटिक ना, मग काय मजा, त्याला काय कळतंय.

पण तू पाठवलेले फोटो मी टीव्हीवर मोठे करून बघितले. डावीकडचं पुढचं फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, आणि त्याच्या मागचा दरवाजा, दोघांच्या लाल रंगात फरक आहे. किंचितच आहे, आईला दाखवलं तर तिला दिसला नाही, पण टेल्कोत एकतीस वर्षं पेंटशॉपला काढलीत मी, इंडिकाचं बोनेट ट्यूबलाइटखाली तिरकं बघून परत पाठवायचो. लाल रंग जुळवायला सगळ्यात वाईट, उन्हानं जुना पत्रा फिका पडतो आणि नवा रंग वेगळा उठून दिसतो. म्हणजे ती गाडी ठोकलेली आहे असं नाही, कोणी पार्किंगमध्ये घासली असेल. पण विचार ना विकणाऱ्याला. सरळ विचार.

जाताना आपल्या फ्रिजवरचं अष्टविनायकवालं मॅग्नेट घेऊन जा. पातळ रुमालात गुंडाळ म्हणजे ओरखडा नको, आणि फेंडरवर, दरवाजाच्या खालच्या भागावर, मागच्या चाकाच्या वर फिरव. जिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे ते नीट धरणार नाही. मग बोनेट उघडून फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का बघ, कंपनीतनं आलेल्या बोल्टवरचा रंग फुटलेला नसतो. दरवाजाचं रबर बीडिंग हातानं खाली ओढ, आतले वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारखे दिसले पाहिजेत. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात तिचं वर्ष छापलेलं असतं, एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली? मी परत ठोकलेल्या गाडीवरच आलो. सॉरी. पुढे बोलत नाही त्यावर.

दुसरं. आरसीच्या फोटोत पहिल्या मालकाचा पत्ता सहकारनगरचा आहे आणि गाडी 2018 ची. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आठवते का, आंबील ओढ्याला पाणी आलं होतं, अरण्येश्वरकडे गाड्या एकावर एक चढलेल्या, तू रात्रभर मावशीला फोन लावत होतीस. मी म्हणत नाही की ही त्यातलीच आहे. पण सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, बेल्ट कोणी पूर्ण धूत नाही, चिखलाची रेघ आत राहते. स्टेपनी काढून खालचा पत्रा बघ. काचा बंद करून आत पाच मिनिटं नुसती बस, वास लपत नाही. आणि वास मारायला आतमध्ये चार-चार परफ्यूम लावले असतील तर तू लगेच बाहेर ये.

मीटरवर 48 हजार आहे म्हणालीस आणि फाइलमध्ये डीएसजीचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑइल बदलल्याचं बिल आहे म्हणून तू खूश होतीस. माझी झोप त्या बिलानेच गेली. हा सहा गिअरचा ऑइलमधला क्लच, त्याचं ऑइल साधारण 60,000 ला बदलतात. मग ते 48 च्या आत कोणी आणि का बदललं? एकतर शौकीन माणूस होता, लॅपटॉप लावून गाडी ट्यून करून घेतली म्हणजे ताकद वाढवली, जोरात पळवली आणि म्हणून ऑइल लवकर बदललं. तसे मालक खरंच गाडीला जीव लावतात, नाही असं नाही. किंवा मीटर मागे केलाय. बिलावरचा किलोमीटरचा आकडा आणि तारीख बघ, सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन जुनी हिस्टरी काढ, पेडलचं रबर किती झिजलंय बघ. ट्यून केलेली गाडी विकताना परत कंपनीसारखी करून देतात, तेही विचार.

स्कॅनर घेऊन येणारा मुलगा तू ठरवलायस ते उत्तम. त्याला म्हणावं फॉल्ट कोड नाहीत एवढ्यावर थांबू नको. आदल्या रात्री कोड पुसले असतील तर गाडीच्या आतल्या तपासण्या पूर्ण झालेल्या नसतात, स्कॅनरवर तसं दिसतं. हे मी युट्यूबवर शिकलो, हसू नको. आणि विकणाऱ्याला सांग, तू पोचेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही, बोनेटला हात लावून बघ, गरम असेल तर चहा पी आणि दोन तासांनी परत जा. थंड इंजिन चालू करताना निळा धूर म्हणजे टर्बो किंवा रिंगा. कूलंट कमी आहे का बघ, या इंजिनाचं थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग गळतं म्हणतात. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. ट्रॅफिकच्या दंडाचं चलन बघशील तूच.

फार लेक्चर झालं. तुला सगळं माहीत असेल, तू माझ्यापेक्षा जास्त वाचतेस.

एक गोष्ट तुला माहीत नाहीये. आईचा गुडघा कसा गेला ते माहितीये, खेड शिवापूरजवळ आम्ही आरएक्सवरनं पडलो. गाडीचं पुढे काय झालं ते कधी सांगितलं नाही. फोर्क वाकला होता, चॅसिसचा वरचा भाग पण. मी ते ठोकून सरळ करून घेतलं, टाकीला स्वतः कंपनीसारखा रंग मारला, आणि 1993 मध्ये, तू व्हायच्या आधी, जुन्नरकडच्या एका मुलाला विकली. साडेअकरा हजाराला. त्याचे वडील बरोबर आले होते, डोक्यावर टोपी, त्यांनी टाकीवरनं हात फिरवला आणि विचारलं, "साहेब, गाडीला काय झालेलं नाही ना?" मी म्हणालो, "छे हो, एकहाती आहे." साठच्या वर गेली की हँडल थरथरायचं, मला माहीत होतं. त्या पैशात तुझ्या डिलिव्हरीचं हॉस्पिटल भागलं. त्या पोराचं नाव आठवत नाही. रंग इतका छान जमला होता की मीच खूश होतो.

तर समोरचा माणूस किती सभ्य आहे, चहा देतो का, घरात देवघर आहे का, याच्यावर जाऊ नको. मी पण सभ्यच होतो. चहा दिला होता.

शनिवारी मी येऊ का? मागच्या सीटवर बसेन, बोलणार नाही. खरंच. टेस्ट ड्राइव्हला खडबडीत रस्ता पण घे आणि मोकळा पण घे, सपाट रस्त्यावर स्टेअरिंग हलकं सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघायचंय मला. आणि जोरात नको, एक्स्प्रेसवेला शंभरचीच लिमिट आहे. हे झालं परत.

बाबा

ता.क. आई म्हणतेय डबा परत आणून दे, त्यात ती गुळपोळी ठेवणार आहे. चारही टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. तेवढे चार फोटो आजच मागवून मला पाठव.